कुंदाचा उजवा डोळा

धुकं खाली खोऱ्यात साचलं होतं आणि वर टेकडीवर बारीक, चिकट पाऊस पडत होता. पडतोय म्हणावं तर दिसत नव्हता, नाही म्हणावं तर अंगावरचा रेनकोट निथळत होता. ऑक्टोबरातला शनिवार, सकाळचे साडेसात. कुंदा डोक्याला रुमाल बांधून इमारतीपुढच्या फुटपाथवरची चेस्टनटची पानं झाडत होती. ओलं पान फरशीला जळवेसारखं चिकटतं. झाडूनं निघत नाही. मग फावड्याच्या कडेनं खरवडायचं, ढीग करायचा, पिशवीत कोंबायचा. ते झालं की जिना. वरच्या मजल्यापासून खालपर्यंत ओल्या फडक्यानं पुसत यायचं, कठड्यासकट.

स्टुटगार्टात याला केरवोख म्हणतात. भाडेकरूंनी आळीपाळीनं इमारतीची झाडलोट करायची. ज्याची पाळी त्याच्या दाराला आठवडाभर पुठ्ठ्याची पाटी लटकते. सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन कुंदा या गावात आली तेव्हा तिला त्या नावाचंच हसू आलं होतं. कागलला आईला तिनं पत्रात लिहिलं होतं, ‘सासरचा केर चुकला म्हणून आनंदात होतो, तर इथं आख्ख्या बिल्डिंगचा वाट बघत बसलाय.’ कागलच्या बायका बोलतात तशी ती ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायची. महाराष्ट्र मंडळातल्या पुण्याच्या बायका ओठ दाबून हसायच्या, आणि तिचा नवरा पद्माकर घरी आल्यावर त्या हसण्याचा राग तिच्यावर काढायचा.

तळमजल्यावर फ्राऊ हेगेले राहायची. बाहत्तरीची विधवा. खिडकीच्या कट्ट्यावर उशी टाकून, तिच्यावर दोन्ही कोपरं रोवून दिवसभर गल्लीचा पहारा करायची. कुंदाविरुद्ध तिनं घरमालकाला तीन पत्रं धाडली होती. तिन्हींत तक्रार एकच: दुसऱ्या मजल्यावरची इंडियन बाई डावीकडचा केर काढतच नाही. पद्माकरनं तिन्ही पत्रं कुंदापुढं आपटली होती.

“एक सरळ केर काढता येत नाही तुला? एवढं धांदरट माणूस मी जन्मात बघितलं नाही.”

धांदरट हे तिचं घरातलं दुसरं नावच पडलं होतं. दाराच्या चौकटीला खांदा धडकायचा, ग्लास हाताच्या बाजूलाच असून लवंडायचा, मंडळाच्या कोजागरीला तिनं दुधाचा आख्खा ट्रे एका बाईच्या पैठणीवर ओतला होता. आणि तीच कुंदा खिडकीपाशी बसून एका दमात सुईत दोरा ओवायची, ब्लाऊजला नजर ठरणार नाही अशी हातशिलाई घालायची. म्हणून तर कुणाचा विश्वास बसत नव्हता. सुई दिसते आणि दार दिसत नाही, असं कुठं असतं?

तर त्या शनिवारी फ्राऊ हेगेले घरातल्या सपाता घालून, हातात बादली घेऊन बाहेर आली आणि कुंदाच्या डाव्या बाजूला, दोन हातांवर, मुकाट्यानं उभी राहिली. पाच मिनिटं उभी राहिली. कुंदा पानं खरवडत खरवडत आली आणि सरळ तिच्या अंगावर जाऊन आदळली. बादली उलटली.

म्हातारी रागावली नाही. तिनं कुंदाची हनुवटी चिमटीत धरली, तोंड समोर वळवलं आणि आपला एक हात डावीकडं लांब धरून विचारलं, “किती बोटं?”

“कसली बोटं?” कुंदा म्हणाली.

“असंच,” म्हातारी म्हणाली. “माझा कार्ल पण असाच होता. ग्र्युनर श्टार. शेवटी त्याला मी दिसत नव्हते. बरंच होतं म्हणा त्याच्या दृष्टीनं.” मग तिनं रिकामी बादली उचलली. “सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. आणि आता ती डावी बाजू झाड.”

कुंदानं डावी बाजू झाडली.

*

डॉक्टरीणबाईंकडं एक अर्ध्या गोळ्यासारखं पांढरं यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, समोरच्या एका ठिपक्याकडं बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठंही काजवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. कुंदा बसली. बराच वेळ काही चमकलंच नाही. पण यंत्र आतून टिक टिक करत होतं आणि बाहेर पद्माकर घड्याळाकडं बघत उभा होता. नापास झालो तर हा माणूस घरापर्यंत बोलणार, एवढंच तिच्या डोक्यात. म्हणून तिनं यंत्राच्या टिकटिकीचा ताल पकडला आणि त्या तालावर बटण दाबत सुटली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “काजवा नसतानाही तुम्ही दाबताय. परत करू. नाही दिसलं तर नाही दाबायचं. इथं कुणी रागवत नाही.”

दुसऱ्या कागदावर खरं उमटलं. डावा डोळा सगळा काळा. उजवाही काळाच, फक्त मधोमध किल्लीच्या भोकाएवढी पांढरी जागा. काचबिंदू, म्हातारीचा तोच ग्र्युनर श्टार. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढून मागची नस वर्षानुवर्षं कडेकडेनं मरत आलेली. दुखलं नाही, खुपलं नाही, कुणाला कळलं नाही. गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. राहिलंय तेवढं धरून ठेवायचं.

“घरात कुणाला होतं का?”

कुंदाला नाना आठवले, तिचे वडील. शेवटची दहा वर्षं कट्ट्यावर बसून असायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खोकल्यावरून ओळखायचे. तिनं ते सांगितलं.

गाडीत बसल्यावर पद्माकरनं पट्टा लावला, किल्ली फिरवली नाही. “तुझ्या वडिलांना काचबिंदू होता.”

“मोतीबिंदू म्हणत होते सगळे.”

“म्हणत होते, की लग्नाच्या वेळी आम्हाला सांगत होते?”

कुंदा गप्प राहिली. तिला खरंच ठाऊक नव्हतं. पण गप्प बसलं की खोटं ठरतं, हे तिला सोळा वर्षांत चांगलं कळलं होतं.

“मंडळात कुठं बोलू नकोस,” तो म्हणाला. “उद्या अन्वीचं लग्न व्हायचंय. लोक विचारतात असलं सगळं.”

अन्वी तेव्हा तेरा वर्षांची होती.

त्या दिवसापासून कुंदाच्या जिवाला एकच घोर लागला: ते किल्लीचं भोक. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला ती थेंब घालायची, मान मागं टाकून, घड्याळ लावून. एक दिवस चुकवला नाही. त्या भोकातून तिला सुई दिसत होती, डाळीतला खडा दिसत होता. अन्वी जवळ आली की मात्र तिचं तोंड त्यात मावायचं नाही. कपाळ बघावं तर हनुवटी गायब. म्हणून कुंदा स्वयंपाकघराच्या पार टोकाला भिंतीला पाठ लावून उभी राहायची. तिथून पोरगी आख्खी मावायची. “वास इस्त, ममा?” पोरगी चिडून विचारायची. तिला मराठी सगळं कळे, पण बोलताना जर्मनच तोंडात येई. “काही नाही, बघतोय तुला,” कुंदा म्हणायची.

वर्षभर थेंब घालूनही दाब उतरेना. बत्तीस, तीस, परत बत्तीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ऑपरेशन, नाहीतर भोक बुजेल. पुढच्या ऑक्टोबरची तारीख मिळाली. आणि सुनेचं ऑपरेशन म्हणून कोल्हापूरहून, मंगळवार पेठेतून, तीन महिन्यांच्या व्हिसावर आक्का आल्या. आक्का म्हणजे पद्माकरची आई, यमुनाबाई. सगळं घर त्यांना आक्काच म्हणे.

*

आक्का विमानतळावर उतरल्या त्या चटणीचे डबे, उटण्याची पुडी आणि मनात सतरा वर्षांचा हिशेब घेऊन. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विषय काढला.

“नाना आंधळा हुता ह्ये सोयरिकीच्या टायमाला कुटं बोलला न्हाईसा. मोतीबिंदू म्हनं. फसवून बांधली आमच्या पदराला.”

“आक्का, मला तरी कुठं ठावं होतं?”

“तुला नसंल. तुज्या बाला हुतं की. त्येच्याच डोळ्यात हुता न्हवं?”

पद्माकर पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं.

ऑपरेशन नीट झालं. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीआड बुबुळाशेजारी एक बारीक वाट केली होती, माठाला भोक पाडावं तशी; त्यातून पाणी झिरपायचं आणि दाब उतरायचा. पाच दिवस दवाखान्यात ठेवलं. दाब बारावर आला. डॉक्टरीणबाई खूश होत्या. ती वाट कच्ची आहे, म्हणाल्या, दोन महिने जपा. त्यांनी छापील कागद दिला: वाकायचं नाही, उचलायचं नाही, चोळायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ नाही. पद्माकरनं तो गाडीत वाचला आणि सांगितलं, “आराम करायचा आणि थेंब घालायचे. बाकी या लोकांची नेहमीची घाबरट यादी.”

अन्वीनं तो कागद घेतला, खोलीत गेली आणि मोठ्या कागदावर चित्रं काढून आणली. वाकलेली बाई, वर लाल फुली. बादली, फुली. डोळा चोळणारा हात, फुली. शॉवरखाली बाई, आणि तिच्यावर सगळ्यांत मोठी फुली. तो कागद तिनं फ्रिजवर चिकटवला.

आक्कांनी चष्मा लावून चित्रं बघितली. “पोरीचा हात चांगला हाय,” म्हणाल्या. मग कुंदाच्या समोर दोन बोटं नाचवली. “दिसतंय?”

“दोन.”

“आन् आता?” बोटं बाजूला गेली.

“नाही दिसत.”

“मग कापलं कशाला?”

“होतं तेवढं राहावं म्हणून.”

“हुतं त्येवढं ऱ्हावं म्हनून,” आक्का पद्माकरकडं वळून म्हणाल्या. “आयकलास? घरातलं काम मात्र माझ्या गळ्यात.”

पण खरं सांगायचं तर आक्कांनी काम केलं. पंचाहत्तरीतलं ते हाड. भाकरी थापल्या, भांडी घासली, केरवोखची पाटी दाराला लागली तेव्हा दुसऱ्या मजल्यापासून जिनाही पुसला. आणि प्रत्येक भाकरीबरोबर, प्रत्येक पायरीबरोबर एक वाक्य कुंदाच्या पदरात टाकलं. “महाराणी झोपल्यात, आम्ही पुसतोय.” “माझ्या सासूला म्या असं राबवलं असतं तर जितं सोडलं नसतं.” कुंदा डोळ्यावर आरपार दिसणारी प्लास्टिकची वाटी चिकटवून पलंगावर पाठ टेकून बसायची आणि ऐकायची. कानांना काही झालेलं नव्हतं.

दिवाळी आली ती ऑपरेशननंतर अडीच आठवड्यांनी.

*

नरकचतुर्दशीला आक्का पहाटे पाचला उठल्या. बाहेर मिट्ट अंधार, रस्त्यावर हिमाचा पातळ थर. न्हाणीघरातल्या टबात त्यांनी प्लास्टिकचं स्टूल मांडलं, तेल कोमट केलं, उटणं भिजवलं. पहिल्यांदा लेकाला बसवलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा, गेर्लिंगेनला इंजिनिअर असलेला तो बाप्या लहान पोरासारखा टबात बसून पाठ चोळून घेत होता. अन्वीनं आपल्या खोलीच्या दाराला आतून कडी लावली आणि “ओमा, नाइन!”, आजी, नाही, एवढंच ओरडली.

“घरात दोन बाया, आन् एकीच्याबी अंगाला त्येल न्हाई,” आक्का म्हणाल्या. “कुंदा, चल.”

“आक्का, मला नको. डॉक्टरांनी सांगितलंय...”

“डॉक्टरनीला काय दिवाळी कळती? आजच्या दिवशी न्हाली न्हाईस तर नरकात जाशील.”

“डोळा जाईल माझा.”

“हांऽ! सणाच्या दिवशी त्वांडातनं काय काढतीस बघ. आयकलास रं पद्या? ह्या अभद्र बोलन्यानंच ह्ये सगळं मागं लागलंय.”

पद्माकर टॉवेल गुंडाळून दारात उभा होता. कुंदानं त्याच्याकडं बघितलं. त्या भोकात त्याचं तोंड मावत होतं, ओठांवरच्या पाण्याच्या थेंबासकट. एक शब्द पुरला असता.

“नुसतं तेलाचं बोट लावून घे ना,” तो म्हणाला. “तिचं समाधान. आई, डोक्यावरनं पाणी नको घालू हं.”

“न्हाई घालत बाबा. मला काय अक्कल न्हाई व्हय?”

कुंदा स्टुलावर बसली. वाटीवर उजवा तळहात घट्ट दाबून धरला. आक्कांचा हात खरखरीत आणि गरम होता. टाळूवर तेल जिरवताना तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. आई गेल्यापासून डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. खांद्यावर एक तांब्या. पाठीला उटणं. दुसरा तांब्या खांद्यावर. आणि तिसरा, काही न सांगता, सरळ डोक्यावर.

तेल, उटणं आणि पाणी कपाळावरून ओघळलं, चिकटपट्टी सुटली, आणि गढूळ ओघळ वाटीच्या आत शिरला.

“आक्काऽ!”

“अगं गप. अर्धं न्हाण घालत न्हाईत. अशुभ असतंय.” आक्कांनी तिचा हात बाजूला केला, वाटी उचलली आणि आपल्या पदराच्या टोकानं डोळा पुसून काढला. सवयीनं पुसला, लेकराचं नाक पुसावं तसा. “ह्ये बघ. झालं का काय? उगं कांगावा.”

काही झालं नव्हतं. भोकातून आक्कांचा चष्मा दिसत होता, त्याच्यावर वाफ धरलेली. कुंदानं नवी पट्टी लावली, थेंब घातले आणि त्या दिवशी सगळ्यांबरोबर फराळ केला.

शुक्रवारी लक्ष्मीपूजनाला डोळ्यात वाळू गेल्यागत खुपायला लागलं. शनिवारी सकाळी पापण्या चिकटल्या होत्या. आरशात बघितलं तर डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, कडेला पिवळा चिकटा, आणि भोकावर कुणी तरी दुधाचा हात फिरवलेला.

“अहो, मला न्या दाखवायला.”

पद्माकरनं जवळ येऊन बघितलं. बघितलं आणि नजर काढून घेतली. “उद्या आठ घरं फराळाला येणार आहेत. र्युसेल्सहाइमहून लोक दोन तास गाडी चालवत येणार. सोमवारी तुझा टेर्मिन आहेच ना डॉक्टरांचा? दोन दिवसांनी काय होतंय?”

असा टेर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ, पाळणारा माणूस. गावात शनिवार-रविवारीही डोळ्यांचा दवाखाना उघडा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिथं गेलं की कारण सांगावं लागतं.

रविवारी कुंदानं काळा चष्मा लावला. आक्कांनी पाहुण्यांच्या देखत तो काढायला लावला. “घरात गॉगल? शिनेमातली बाई व्हय तू?” तिनं काढला. मंडळी चकल्या खात, गाड्यांच्या मॉडेलांवर बोलत बसली होती. कुंदाच्या डोक्यात घण पडत होते. तिनं करंज्यांचं ताट उचललं, हॉलमध्ये आली आणि टेबल होतं तिथं टेबल नव्हतं. नुसतं पांढरं होतं. तिनं अंदाजानं ताट ठेवलं. ते हवेत ठेवलं गेलं.

करंज्या फुटल्या, सारण गालिचाभर पसरलं. कुणीसं हसलं. “वहिनींचा हातगुण!” तेवढ्यात भोंग्याएवढ्या आवाजात बोलणारी मालिनी नावाची एक बाई पुढं आली, कुंदाचं तोंड बघितलं आणि एकदम बारीक आवाजात म्हणाली, “अहो पद्माकर, यांच्या डोळ्यातून पू येतोय.”

आता न जाऊन भागणार नव्हतं.

*

गाडीत अन्वी आईचा हात धरून मागं बसली होती. पद्माकर आरशातून बघत म्हणाला, “तिथं तेलापाण्याचं काही बोलू नकोस. त्यांच्या सूचना पाळल्या नाहीत असं होतं मग. आणि आईचं वय बघ. तिला कशाला मध्ये आणायचं?”

रविवारच्या पाळीला एक तरुण डॉक्टर होता. त्यानं दिवा डोळ्याशी धरला, खुर्ची मागं सरकवली आणि ताडकन फोन उचलला. बोलून झाल्यावर वळला. चेहरा पडलेला. त्यानं हळू, सुटं सुटं विचारलं. डोळ्यात काही गेलं होतं का? पाणी? साबण? काहीही? काय गेलं ते कळलं तर औषध ठरवायला बरं पडेल.

“नाइन,” पद्माकर म्हणाला.

अन्वीनं बापाकडं बघितलं. डॉक्टरनं लिहायला पेन उचललं.

सतरा वर्षांत कुंदानं चारचौघांत नवऱ्याचं बोलणं खोडलं नव्हतं. तिचं जर्मन भाजीवाल्यापुरतं आणि केरवोखपुरतं. पण त्या ‘नाइन’ला काय उत्तर द्यायचं ते तिला येत होतं. रोज पोरीच्या तोंडून ऐकत होती.

“डोख,” ती म्हणाली. गेलं होतं.

“कुंदा...”

“डोख. पाणी.” ती जर्मनमध्ये एकेक शब्द खडा टाकावा तसा टाकत होती. “तेल. पावडर. डोक्यावर. आणि साडी, डोळ्यात. चार दिवस.” मग तिला वाटलं, कर्ता राहिला. “श्विगरमुटर,” ती म्हणाली. सासू.

डॉक्टरनं पद्माकरकडं बघितलं. त्यानं कागदावरचं एक खोडलं आणि दुसरं लिहिलं.

त्याच दिवशी डोळ्यात सुई घातली, मग आतलं सगळं धुऊन काढलं. परत चार दिवसांनी. दवाखान्यात सोळा दिवस काढले. डोळ्याचा गोळा वाचला, काढावा लागला नाही. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा सांगितलं. त्यांनी बोटं दाखवली. एका हाताच्या अंतरावर असतील तर मोजता येत होती, खिडकीकडं तोंड असेल तर. अन्वी पलंगाच्या टोकाला उभी राहिली, मग दारापर्यंत मागं गेली, मग आणखी मागं, कॉरिडॉरमध्ये. कितीही मागं गेली तरी ती उभी राखट पट्टीच होती.

“दिसते का मी?” तिनं तिथून मराठीत विचारलं.

“दिसतीस,” कुंदा म्हणाली.

*

घरी आल्यावर दोन दिवस पद्माकर तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला. “परक्या माणसापुढं माझ्या आईचं नाव घेतलंस. फाईलमध्ये लिहिलंय त्यांनी ते. कायमचं.”

कुंदाला वाटलं तो डोळ्याबद्दल बोलतोय, कायमचं म्हणतोय ते. थोड्या वेळानं कळलं की फाईलबद्दल.

आक्कांनी जेवण सोडलं होतं. म्हणजे सगळ्यांदेखत सोडलं होतं. माझ्या मायेच्या हाताला हिनं विषारी म्हटलं, असं त्या भिंतीला सांगत. दुपारी कुणी नसताना त्या एकदा कुंदाच्या पलंगाशी येऊन बसल्या. बराच वेळ त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“म्या काय मुद्दाम क्येलं व्हय गं?”

कुंदानं विचार केला. “नाही,” ती म्हणाली.

“मग म्हन की तसं पद्यासमोर.”

“मुद्दाम नाही केलं. फ्रिजवरचं चित्र बघूनच केलं.”

आक्का उठून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी कुंदाच्या ताटात भाजी कुठं, आमटी कुठं वाढली ते सांगणं बंद केलं. चाचपू दे, म्हणाल्या. शिकायला नको?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान होतं. जायच्या आदल्या दिवशी कोल्हापूरहून त्यांच्या लेकीचा, स्नेहलताचा, फोन आला. स्वयंपाकघरात टेबलाच्या एका बाजूला कुंदा बसली होती, दुसऱ्या बाजूला आक्का फोन कानाला लावून. बाहेरच्या खोलीत पद्माकर बॅग वजनकाट्यावर ठेवून बघत होता.

“काय सांगू बाई तुला,” आक्का म्हणत होत्या. “डॉक्टरानंच घाण केली. नावाला जर्मन. कापायला येत न्हाई... व्हय की, दोन डाव परत कापलं... न्हाई न्हाई, आम्ही लई जपलं. तीन महिनं हातावर झेललं तिला. खरं मूळच बाचं. रगतातच हुतं, त्येला आपन काय करनार?”

बाहेर वजनकाटा वाजला. पद्माकरनं बॅगेची चेन ओढली. त्याला सगळं ऐकू येत होतं, कारण मध्ये त्यानं चेन ओढायची थांबवली होती. मग परत ओढली.

“बोलतीस का वहिनीशी?” आक्कांनी फोन पुढं केला.

कुंदानं हात पुढं केला नाही. आक्कांनी फोन परत कानाशी नेला. “दमलीया ती. हितंच बसलीया... आता काय, बसूनच ऱ्हानार.” फोन ठेवल्यावर त्यांनी टेबलावर काहीतरी ओतलं. सुकं, हलकं, सालं खुळखुळणारं.

“लसूण सोल की तेवढा. जायच्या आधी चटणी कुटून ठिवते. त्येला काय डोळं लागत न्हाईत.”

कुंदानं टेबलावरून हात फिरवत गड्डा शोधला. अंगठ्यानं फोडला. एकेक पाकळी सुटी करून शेंड्याला नख लावलं, साल ओढली, सोललेली पाकळी डाव्या हाताला असलेल्या वाटीत टाकली. वाटी कुठं आहे ते आवाजावरून कळत होतं.